दमा, शुगर, सिकलसेल आणि स्विमिंग टँक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

होळी आटोपली की आमच्या टँकवर आईबाबांची गर्दी सुरू होते. पोरं पाण्यात, पालक जाळीबाहेरच्या बाकावर. सकाळच्या बॅचला मी स्टॉपवॉच धरून काठावर उभा असतो, म्हणून सगळे मलाच गाठतात. मी डॉक्टर नाही, कोचही नाही. लहानपणापासून दमा आहे आणि तरी चाळीसेक वर्षं पोहतो आहे, एवढीच माझी पात्रता. तेच ते प्रश्न दर उन्हाळ्यात येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. औषधाचा डोस इथे शोधू नका, त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत.

काका, पोराला दमा आहे. त्याची आजी म्हणते पाण्यात घालू नका, छाती भरेल. खरं काय?

आजीची काळजी खोटी नाही, पण दम्याच्या मुलाला धावण्यापेक्षा पोहणं बहुतेक वेळा सोपं जातं. धावताना आपण तोंडाने भराभर कोरडी हवा आत ओढतो. श्वासनलिकेचं आतलं अस्तर त्याने सुकतं आणि नळी आवळते. पाण्याला लागून असलेली हवा दमट असते, त्यामुळे हा त्रास कमी होतो.

अमेरिकेची एमी व्हॅन डायकेन पोहायला लागली तीच मुळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, सहाव्या वर्षी, दमा जबर होता म्हणून. हीच मुलगी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं घेऊन गेली. एकाच ऑलिंपिकमध्ये चार सुवर्ण जिंकणारी ती पहिली अमेरिकन महिला. त्याच स्पर्धेत टॉम डोलनने ४०० मीटर वैयक्तिक मेडले जिंकली. त्याला व्यायामाने उसळणारा दमा होताच, शिवाय श्वासनलिका जन्मापासून अरुंद. चार वर्षांनी सिडनीत त्याने तीच शर्यत ४ मिनिटं ११.७६ सेकंदांच्या विश्वविक्रमासह पुन्हा जिंकली. ४०० मेडले म्हणजे चारही स्ट्रोक, प्रत्येकी १०० मीटर. धडधाकट माणसाचा जीव कंठाशी आणणारी शर्यत आहे ही.

आजीला हे सांगा. आणि हेही सांगा की दोघांनीही औषध सोडलेलं नव्हतं.

मग एवढ्या मोठमोठ्या स्विमर लोकांना दमा काहून असते?

दोन कारणं. एक तर वर सांगितलं तेच, दम्याची मुलं पाण्याकडे वळतात आणि त्यातली काही पुढे जातात. दुसरं कारण टँकमध्येच आहे. आत शिरताच जो वास येतो त्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो. खरं तर क्लोरीनची आपल्या घामाशी आणि लघवीशी गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. हा वायू पाण्याच्या पृष्ठभागावरच तरंगत राहतो, नेमका तिथे जिथे पोहणारा तोंड उघडतो. रोज चार-पाच तास, वर्षानुवर्षं तो छातीत गेला की श्वासनलिका हुळहुळी होते. बंद छताच्या टँकमध्ये हा त्रास जास्त. आपल्याकडे बरेच टँक उघड्यावर असल्यामुळे वारा ते उडवून नेतो.

तरीही पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या हो. पाटी लावली आहे, नळ चालू आहे, आणि माणसं घामेजलेली थेट उडी मारतात. वर तक्रार करतात की आज डोळे फार चुरचुरले.

इनहेलर मारून शर्यतीत उतरणं म्हणजे डोपिंग नाही का?

साल्ब्युटामॉलचा, म्हणजे त्या ओळखीच्या निळ्या पंपाचा, मर्यादेत वापर चालतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, वाडा, हिची मर्यादा २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आहे, आणि त्यातही कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर जायचं नाही. एका पफमध्ये साधारण १०० मायक्रोग्रॅम असतात, तेव्हा गणित तुम्हीच करा. ज्याला आठ तासांत सहा पफपेक्षा जास्त लागत असतील त्याने शर्यतीत नाही, दवाखान्यात असायला पाहिजे.

गोची वेगळीच आहे, आणि ती आपल्या घरातल्या कपाटात असते. तेच साल्ब्युटामॉल गोळी किंवा सिरप म्हणून पोटात घेतलं तर बंदी आहे. टर्ब्युटालिन नावाचं औषध तर पंपातून घेतलं तरी परवानगीशिवाय चालत नाही, आणि ते आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या बाटल्यांमध्ये असतं. राज्य स्पर्धेच्या आधी पोरगा खोकला, आईने मागच्या पावसाळ्यातली अर्धी बाटली काढली, दोन चमचे पाजले. हेतू चांगला, पण चाचणी झाली तर हेतू कोणी विचारत नाही. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्याही स्पर्धेच्या काळात बंद आहेत.

औषध खरंच लागत असेल तर त्याची रीतसर सूट मिळते. तिला टीयूई म्हणतात, भारतात नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, अर्ज करायचा, डॉक्टरांचे कागद जोडायचे. इन्सुलिनही बंदी असलेल्या यादीत आहे हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे ज्याचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही अशा, खेळाडूला त्यासाठी ही सूट काढावीच लागते.

मुलीला टाइप १ शुगर आहे. डॉक्टर म्हणाले खेळ बंद. आता?

अमेरिकेचा पोहणारा गॅरी हॉल ज्युनियर यालाही हेच सांगितलं होतं. १९९९ साली त्याला टाइप १ मधुमेह निघाला, तेव्हा तो आधीच ऑलिंपिक पदकविजेता होता. वरच्या पातळीवरचं पोहणं आता विसर, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. त्याने डॉक्टर बदलले, पोहणं बदललं नाही. २००० साली सिडनीत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याने आणि अँथनी अर्विनने एकाच वेळी भिंतीला हात लावला, दोघांनाही २१.९८ सेकंद, दोघांनाही सुवर्ण. २००४ मध्ये अथेन्सला, वयाच्या २९ व्या वर्षी, ती शर्यत त्याने एकट्याने जिंकली, २१.९३ मध्ये. एकूण दहा ऑलिंपिक पदकं.

त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र शर्यतीची नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात त्याचं घर जळालं. पळताना त्याने कुत्रा घेतला, इन्सुलिन घेतलं, आजोबांचं एक चित्र घेतलं. दहाची दहा पदकं आत राहिली. ऑलिंपिक समितीने नंतर त्याला पदकांच्या प्रतिकृती दिल्या.

आता आपल्या टँकवरची गोष्ट. आमच्या बॅचला नववीतली एक पोरगी येते, टाइप १ असलेली. तिच्याकडे स्टीलची एक चपटी डबी असते, पूर्वी आज्या पानसुपारीला वापरायच्या तसली. आत ग्लुकोमीटर, पट्ट्या, ग्लुकॉन-डीची पुडी आणि चार बिस्किटं. मागच्या हिवाळ्यात एकदा ती वॉर्मअपच्या आधी बोट टोचून बसली, आकडा आला २३०. पोरगी म्हणाली, "काका, हे खोटं आहे. माझे हात थरथरल्यासारखं होऊन राहिलं." तेवढ्यात लक्षात आलं, बाकावर संत्र्याची सालं पडली होती. मैत्रिणीसाठी तिने संत्रं सोललं होतं. साबणाने हात धुतला, टॉवेलने कोरडा केला, पुन्हा टोचलं. ७४.

सालीचा गोड रस बोटाला चिकटला की रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि यंत्र भलताच आकडा दाखवतं. बोट ओलं असेल तर उलट, रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. २३० वर विश्वास ठेवून ती पाण्यात उतरली असती तर दहा मिनिटांत साखर आणखी घसरली असती. आणि पाण्यात साखर घसरलेलं मूल बाहेरून नुसतं दमल्यासारखं दिसतं. तेच खरं भय आहे.

तिच्या डॉक्टरांनी तिला नियम लिहून दिले आहेत: ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, थांबायचं, मग पाणी. २५० च्या वर असेल आणि लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्याची खूण) सापडले तर त्या दिवशी पोहणं नाही. दंडाला साखर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, सेन्सर पाण्यात टिकतो पण त्याचा सिग्नल पाण्यातून फोनपर्यंत येत नाही. पोरगं पाण्यात असताना मोबाइलकडे बघत बसण्यात अर्थ नाही, पोराकडे बघा.

कॅन्सरमधून उठून कोणी ऑलिंपिक पोहू शकतं का? की या व्हॉट्सॲपवरच्या गोष्टी?

काही खऱ्या आहेत. नेदरलँड्सच्या मार्टेन व्हॅन डर वाइडेनला २००१ मध्ये, विशीत, रक्ताचा कॅन्सर झाला. केमो, मूळपेशी प्रत्यारोपण, सगळं झालं. २००८ साली बीजिंगमध्ये १० किलोमीटर मॅरेथॉन पोहणं पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आलं आणि ते यानेच जिंकलं, १ तास ५१ मिनिटं ५१.६ सेकंदांत. बराच वेळ तो पुढे असलेल्यांच्या मागे मागे राहिला आणि अगदी शेवटच्या टप्प्यात ब्रिटनच्या डेव्हिड डेव्हिसला मागे टाकलं. जवळजवळ दोन तासांच्या शर्यतीत अंतर दीड सेकंदाचं.

जिंकल्यावर सगळ्यांना त्याच्याकडून लढवय्याची गोष्ट हवी होती. त्याने ती दिली नाही. आपण काही लढलो नाही, पडून राहिलो आणि डॉक्टरांवर भरवसा ठेवला, असं तो सांगत आला. जिद्दीने कॅन्सर बरा होतो असं म्हटलं तर जे गेले त्यांची जिद्द कमी पडली असा अर्थ निघतो, हे त्याला मान्य नव्हतं. माझ्या ओळखीतल्या एका घरात हे वाक्य फार उशिरा पोहोचलं. असो.

जपानची रिकाको इकी हिची गोष्ट जास्त अलीकडची. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सहा सुवर्ण, त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू. फेब्रुवारी २०१९ मध्ये, अठराव्या वर्षी, ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचाच कॅन्सर. दहा महिने दवाखाना, वजन पंधरा किलोहून अधिक उतरलेलं. डिसेंबर २०१९ ला घरी आली, ऑगस्ट २०२० मध्ये पहिली शर्यत, आणि एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत १०० मीटर बटरफ्लाय ५७.७७ सेकंदांत जिंकून टोकियो ऑलिंपिकच्या रिले संघात. कोरोनामुळे ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं नसतं तर ती तिथे नसती. तिचं स्वतःचं लक्ष्य २०२४ चं पॅरिस होतं, तिथेही ती पोहली.

त्या अमेरिकन पोहणाऱ्याने ऑलिंपिकसाठी ऑपरेशन पुढे ढकललं होतं म्हणे. आम्हीही परीक्षा-स्पर्धा होईपर्यंत थांबावं का?

एरिक शँटो. २००८ च्या निवड चाचणीच्या आठवडाभर आधी त्याला अंडकोषाचा कॅन्सर असल्याचं कळलं. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये संघात निवड झाली, ऑपरेशन बीजिंगनंतर करायचं ठरवलं, तिथे उपांत्य फेरीपर्यंत पोहला, परत येऊन ऑपरेशन केलं. २०१२ ला लंडनमध्ये मेडले रिलेची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, पोहून सुवर्णपदकाचा वाटेकरी झाला.

पण "ढकललं" हा शब्द नीट वाचा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वारंवार तपासण्या करून, आजार पसरत असल्याचं दिसलं तर लगेच घरी परतायचं ठरवून थोडे आठवडे थांबणं, आणि "बोर्डाची परीक्षा होऊ दे, मग बघू" म्हणून गाठ तशीच ठेवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा प्रकार आपल्याकडे फार. माझं उत्तर: नाही, थांबू नका. डॉक्टर स्वतः थांबा म्हणाले तर गोष्ट वेगळी.

हृदयाचा त्रास असला तर?

इथे मी गमतीत काही बोलणार नाही. अमेरिकेची पोहणारी डॅना व्हॉल्मर हिच्या हृदयाचे ठोके अचानक बेफाम व्हायचे, २००३ मध्ये पंधराव्या वर्षी त्यावर शस्त्रक्रिया झाली. तिला लाँग क्यूटी हा हृदयाची लय बिघडवणारा विकारही असावा असा डॉक्टरांना संशय होता, म्हणून तिची आई तिच्या स्पर्धांना डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला झटका देणारं यंत्र, घेऊन जायची. पुढच्याच वर्षी अथेन्सला रिलेचं सुवर्ण, आणि २०१२ ला लंडनमध्ये १०० मीटर बटरफ्लाय ५५.९८ सेकंदांत. ५६ सेकंदांच्या आत जाणारी पहिली महिला.

आता दुसरी बाजू. नॉर्वेचा अलेक्झांडर डाले ओएन २०११ मध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा जगज्जेता झाला. ३० एप्रिल २०१२ ला, लंडन ऑलिंपिकच्या तीन महिने आधी, अमेरिकेतल्या सराव शिबिरात न्हाणीघरात कोसळला आणि गेला. वय २६. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. जगज्जेता होता तो, आणि शरीर बघून कोणालाही वाटलं नसतं.

लाँग क्यूटीच्या एका प्रकारात नेमकं पोहणंच ठोके बिघडवतं. घराण्यात कोणी चांगला पोहणारा असून बुडाला असेल, किंवा तरुणपणी अचानक गेला असेल, तर टँकची फी भरण्याआधी ईसीजी काढून घ्या. आणि मूल जोर लावता लावता बेशुद्ध पडलं तर "उपाशी होतं" म्हणून सोडून देऊ नका.

आमच्या घरात सिकलसेल आहे. टँकवर पाठवायचं की नाही?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या टँकवर क्वचित ऐकू येत असेल, आपल्या विदर्भात दर बॅचला एकदा तरी येतो. आधी रिपोर्ट काढून बघा, एएस लिहिलंय की एसएस.

एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार. ऑक्सिजन कमी पडला, शरीरातलं पाणी कमी झालं किंवा अंगाला एकदम थंडी लागली की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. डिसेंबरच्या सकाळी, पारा दहाच्या आसपास असताना, गार पाण्यात उडी म्हणजे त्या वेदनांना आमंत्रण. अशा मुलांनी पोहूच नये असं नाही, पण कोमट पाणी, थोडा वेळ, बाहेर येताच कोरडे कपडे, आणि हे सगळं डॉक्टर हो म्हणाले तरच. शर्यतीचा आग्रह नको.

एएस म्हणजे वाहक. एएसवाली बहुतेक मुलं सगळ्यांसारखीच खेळतात. धोका टोकाच्या श्रमाचा आहे, त्यातही उन्हात आणि तहानलेल्या अंगाने. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल सरावात असे मृत्यू झाल्यावर २०१० पासून तिथल्या वरच्या गटातल्या कॉलेज खेळाडूंची ही तपासणी सक्तीची झाली. ओळखायची खूण अशी: साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा कडक होतो आणि पोरगं ओरडतं. सिकलिंगमध्ये स्नायू हाताला मऊ लागतो, पाय मात्र उचलत नाहीत, आणि पोरगं ओरडण्याऐवजी गपकन खाली बसतं. असं बसलेल्या पोराला "नाटकं करू नको, ऊठ" म्हणणारा कोच मी पाहिला आहे. त्याला पाणी द्या, सावलीत घ्या, गाडी काढा.

आमच्याकडे एएसच्या मुलांना श्वास रोखून लांब जाण्याचे सेट देत नाहीत. बाकी सगळं देतात.

मिरगी असेल तर?

एकट्याने कधीच नाही. फिट बरेच महिने आलेली नसावी, डॉक्टरांचा होकार असावा, आणि काठावर एक माणूस फक्त त्याच मुलासाठी असावा. लाइफगार्ड चाळीस जणांना बघत असतो, तो या हिशोबात धरू नका.

अमेरिकेची ऑलिंपिक विजेती केटी लेडेकी, तिलाही काहीतरी आजार आहे म्हणे?

पॉट्स. उभं राहिलं की हृदयाचे ठोके वाढतात, चक्कर येते. तिने २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं. पाण्यात माणूस आडवा असतो, त्यामुळे या आजारात पोहणं बऱ्याच जणांना उभ्याच्या व्यायामापेक्षा सोसतं. तशीच कॅथलीन बेकर, आतड्यांचा क्रोन्स आजार घेऊन २०१६ च्या रिओत १०० मीटर बॅकस्ट्रोकचं रौप्य.

कांचनमाला पांडेंचं उदाहरण यात धरायचं का?

अभिमानाने सांगायचं, पण या यादीत नाही. न दिसणं हा आजार नव्हे. आपल्या नागपूरच्या या मुलीने २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं सुवर्ण जिंकलं. तिच्या गटात सगळे काळा गॉगल लावून पोहतात आणि भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकाने डोक्यावर किंवा पाठीवर टकटक करतो. त्या एका स्पर्शावर टर्न घ्यायचा. एकदा डोळे मिटून एक लॅप पोहून बघा, दहा मीटरमध्ये लेनच्या दोरीला खांदा घासतो.

मुरलीकांत पेटकर मात्र दोन्हीकडे बसतात, अपंगत्वाच्याही आणि उपचारासाठी पोहण्याच्याही यादीत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक पाठीच्या कण्यातच राहिली. सांगली जिल्ह्यातला हा बॉक्सर उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण घेऊन आला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ४६ वर्षांनी.

फॉर्मवर आजार लिहिला तर कोच घेणार नाही. लपवला तर चालेल का?

मी लपवला होता. कॉलेजात असताना, एका स्पर्धेच्या फॉर्मवर "दमा आहे का" या रकान्यात ठसठशीत "नाही" लिहिलं. पंप कपड्यांच्या पिशवीत, पिशवी चेंजिंग रूममध्ये, आणि मी ४०० मीटर फ्रीस्टाइलच्या पाचव्या लेनमध्ये. सहावा टर्न मारला आणि श्वास आत जाईना. बाहेरही जाईना. काठ दोन हातांवर होता, पण लेनची दोरी ओलांडायची ताकद नव्हती. पंचांपैकी एकाने बांबू पुढे केला म्हणून हे लिहितो आहे. वर काढल्यावर सगळे विचारत होते काय झालं, आणि मला बोलता येत नव्हतं. कोणाला माहीतच नव्हतं की पंप शोधायचा आहे.

त्यामुळे लिहा. फॉर्मवर लिहा, कोचला तोंडी सांगा, लाइफगार्डला सांगा, शेजारच्या लेनमधल्या पोराला सांगा. पंप काठावर, स्वतःच्या लेनच्या ब्लॉकखाली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. एखादा कोच आजार ऐकून नाही म्हणाला तर दुसरा बघा, हॉलने डॉक्टर बदलले तसं.

आमच्या त्या नववीतल्या पोरीने तर हा प्रश्नच निकालात काढला आहे. तिच्या किकबोर्डच्या मागे परमनंट मार्करने लिहिलंय: "टाइप १. मी वेड्यासारखी बोलले तर शुद्धीवर आहे तोवर साखर द्या. डबी निळ्या टॉवेलखाली." खाली आईचा नंबर. क्लोरीनने अक्षरं फिकी पडली की ती दर महिन्याला पुन्हा गिरवते.